पिशवी म्हणायचं नाही

माझ्या घरमालकीणबाईंच्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या. बाई स्वतः नळवाल्याला अशा काही हासडायच्या की तो टाकीवर चढायच्या आधी कानात बोळे घालायचा. पण 'पिशवी' हा शब्द चालायचा नाही.

मी रिसोडला शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. बाईंच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्याही शिवायचे आणि तशी पाटी रंगवून आणली होती. 'कापडी पिशव्या शिवून मिळतील.' पाटी खिळ्याला टांगते न टांगते तोच बाई बाहेर आल्या. निवृत्त विज्ञान शिक्षिका, अंगानं काडी, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, लग्न केलेलं नाही.

"हे काय लिहिलं आहे?"

"पिशव्या."

"थैल्या लिही."

"काहून? सारी दुनिया पिशवी म्हन्ते."

"या घरात म्हणत नाहीत."

माझंही डोकं काही थंड नाही. म्हटलं, "बाई, खोलीचं भाडं घ्या न् गप राहा. माह्या तोंडाचं भाडं तुमाले कोन देऊन राह्यलं?" बाई आत गेल्या, चुन्याचं डबडं घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं त्या शब्दावर बोळा फिरवून गेल्या. मी रागानं फणफणत पाटी उतरवून घेतली. मग थैल्या लिहिलं. आमच्याकडे बरेच लोक थैलीही म्हणतात, नुकसान काही नव्हतं, पण माघार घ्यावी लागली म्हणून मी बरेच दिवस बाईंशी बोलत नव्हते.

बाजारात तोच तमाशा. भाजीवाल्यानं "मावशी, पिशवी आनली का?" असं विचारलं की तोलून घेतलेली वांगी तिथंच ढिगावर ओतून बाई पुढं चालू लागायच्या. शेवटी त्या रांगेतल्या सगळ्या भाजीवाल्यांनी शब्द बदलला. बाई दिसल्या की "थैली, थैली" अशी कुजबूज पुढं पुढं जायची.

बाईंचा राग इतरांसारखा नव्हता. आपण चिडलो की वऱ्हाडीवर येतो, बाई चिडल्या की पुस्तकी मराठी बोलायच्या. "तू काय करून राह्यली वं?" असं विचारलं तर समजावं सगळं ठीक आहे. "आपण हे काय चालवलं आहे?" असं आलं की चपला शोधाव्या. एकदा गल्लीत एक म्हातारा वारला. शोकसभेत एक पुढारी माइक धरून रडवेल्या आवाजात म्हणाला, "आमचं काळीज तुटलं." पहिल्या ओळीतून बाई उठल्या. "काळीज म्हणजे यकृत. खाटीक कलेजी म्हणून काय देतो ते आठवा. यकृत तुटलं असेल तर भाषण थांबवून आधी दवाखान्यात जावं." मेलेल्या माणसाचा मुलगासुद्धा हसला. पुढाऱ्यानं मात्र बाईंच्या घरासमोरचा दिवा महिनाभर दुरुस्त होऊ दिला नाही.

मला वाटायचं, ही म्हातारी जरा सरकलेली आहे. पिशवीचं काय ते मला बरंच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मीही पेटले.

आमच्या भागात बाई तिशीची झाली, लेकरं झाली, कंबर दुखायला लागली, अंगावरून पांढरं जायला लागलं, की ती कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात जाते. तिथं पोटावरून मशीन फिरवतात आणि सांगतात, पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. घरी येऊन ती सांगते, "पिशवी काढाची हाये." सासू म्हणते, मग काढून टाक. लेकरं झाली, आता रिकामी पिशवी ठेवून काय लोणचं घालायचं? आणि काढतात. दाढ काढावी तशी काढतात. ज्या बाईचा आजार खरा आहे तिचं काढावंच लागतं, त्याबद्दल बाईंचं काही म्हणणं नव्हतं. पण गल्लीतल्या गल्लीत, चाळिशीही न गाठलेल्या, एकामागं एक?

"हा सगळा त्या शब्दाचा चावटपणा आहे," बाई म्हणायच्या. "पिशवी म्हटलं की ती फाटते, रिकामी होते, फेकता येते. पाणी साठतं त्याला तुम्ही जलाशय म्हणता. त्यात मासोळ्या असतात. आणि अख्खा माणूस जिथं घडतो त्याला पिशवी? गर्भाशय म्हण. म्हण एकदा."

"गर्भाशय," मी हळूच म्हणायचे.

"चोरी केली का? मोठ्यानं."

मशीनवर बसलेल्या मला, ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायांना, दूधवाल्याच्या बायकोला, सगळ्यांना म्हणायला लावायच्या. बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. रस्त्यानं जाणारे पुरुष मान वळवून बघायचे. माझं गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी भांडले, तर म्हणाल्या, "शब्दानं तुटणारं गिऱ्हाईक तुटू दे."

लोकांना प्रत्येक रागामागं एक दुःख लागतं. बाईंचंच तरुणपणी काढलं असेल, असं गल्लीत ठरून गेलं होतं. एका हळदीकुंकवात एकीनं तोंडावर विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं जागेवर आहे. तुझा मेंदू जागेवर आहे का, ते तपासून घे." तसं काही दुःख नव्हतंच. आयुष्यभर वह्या तपासलेली बाई, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढल्याशिवाय तिला पुढं जाता यायचं नाही, आणि ही चूक तर बायांच्या अंगावर ओढलेली होती.

पण एक गोष्ट घडली होती. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातली सून, शबाना. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा सोबत म्हणून बाई गेल्या होत्या. आमच्याकडे एक पद्धत आहे. ऑपरेशन झालं की डॉक्टर दारात येतो, काढलेलं ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतो आणि म्हणतो, पाहा, किती खराब झाली होती. नातेवाईक वाकून बघतात आणि माना डोलवतात. कुणाला काय कळतं त्यातलं? चांगलं कसं दिसतं ते कुणी पाहिलेलंच नसतं. बाईंनी पाहिलेलं होतं. त्या ट्रेवर वाकल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे तर निरोगी दिसतं आहे." डॉक्टरनं त्यांना बाहेर काढलं. शबानाचा नवरा बाईंवरच धावून आला. शबाना घरी आल्यावर, जरा बसता-उठता यायला लागल्यावर, स्वतः बाईंच्या ओट्यावर आली. मी मशीनवरच होते.

"बाई, तुमी सच बोल्या," ती म्हणाली. "पन मले कायले सांगितलं? अब मैं इस सच का क्या करूं?"

शबाना गेली आणि बाईंनी एक वाटी साखर, विनाकारण, डब्यातून काढून परत डब्यात ओतली. त्यानंतर त्यांनी ठरवलं की दाखवायचं ते आधी दाखवायचं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजात शरीररचनेचं एक संग्रहालय आहे. तिथं बाईंची एक जुनी विद्यार्थिनी शिकवते, तिच्या ओळखीनं आत जाता यायचं. नोकरीत असताना बाई दहावीच्या मुलींना घेऊन जायच्या. एका पालकानं 'मुलींना नको ते दाखवलं' अशी तक्रार केली आणि मुख्याध्यापकानं सहल बंद करून पोहरादेवीच्या दर्शनाला नेली. "देवीला नमस्कार करायला माझी ना नाही," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या, "पण देवीलाही पोट आहे." त्यावरून मेमो मिळाला. निवृत्तीनंतर त्यांना मेमो द्यायला कुणी उरलं नाही. ज्या बाईला ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तिला गाठायचं, एसटीत बसवायचं आणि तिथं न्यायचं. किती जणी यायच्या? थोड्याच. बाकीच्यांच्या घरचे दारातूनच हाकलायचे. बाई शिव्या खाऊन यायच्या आणि माझ्यावर ओरडायच्या.

मग माझ्या धाकट्या बहिणीला तारीख मिळाली.

वंदी मानोऱ्याकडे दिली आहे. तिशीसुद्धा नाही, दोन लेकरं. तिच्या सासूचं काढलेलं, मोठ्या जावेचंही काढलेलं, तेही तिला तारीख देणाऱ्या दवाखान्यातच. जाऊ पस्तिशीची, अंगातून वाफा निघतात म्हणून भर थंडीत ओट्यावर जाऊन बसायची आणि जिना चढताना गुडघे धरायची. तरी सासू म्हणायची, "आमच्या घरात साऱ्याइचं काढलं, कोनाले काई झालं नाई." फोनवर वंदी मला असं सांगत होती जसं काही पंखा बदलायचा आहे. "ताई, बुधवारी पिशवी काढून राह्यले माही. तू येशीन ना सोबत?"

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तू उद्या सकाळी रिसोडच्या स्टँडवर ये. मी तुझ्या बहिणीची मालकीण बोलते आहे." पुस्तकी मराठी ऐकून वंदी घाबरली आणि आली. सासूला तिनं सांगितलं की ताईची तब्येत बरी नाही.

संग्रहालय म्हणजे एक लांबलचक हॉल. औषधाचा वास डोळ्यांत जातो. दारापाशीच्या काचेच्या कपाटात जुनी हत्यारं मांडलेली. करवती, चिमटे, लोखंडी आकडे. बाई म्हणाल्या, "तेव्हा भुलीचं औषध नव्हतं. चार माणसं रोग्याला धरून ठेवायची. आता भूल आली, धरायला माणसं लागत नाहीत. एक सासू पुरते." वंदी हसली नाही. सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या. बाईंनी तिथल्या शिपायाला विचारलं, "हे पोट कुणाचं? इंग्रजांचं का? मग पाट्या त्यांच्या भाषेत का?" तो बिचारा दर वेळी हेच ऐकत असणार, कारण त्यानं सरळ बाईंना बसायला स्टूल दिलं.

गर्भाशयाची बरणी मधल्या फळीवर होती. बाईंनी वंदीला आधी विचारलं, "केवढं असेल, हातानं दाखव." वंदीनं दोन्ही हात पसरले. गव्हाच्या पोत्याएवढं नाही, पण दळणाच्या थैल्याएवढं नक्की. मग बाईंनी बोट दाखवलं.

"येवढंसं?" वंदी म्हणाली. पेरूएवढं होतं ते. उलटं धरलेल्या पेरूसारखं, खाली निमुळतं. "माहे दोन्ही पोरं येवढ्याशात होते?"

"वाढतं ते. लेकरासोबत वाढतं आणि लेकरू झालं की आपल्या आपण परत एवढं होतं."

शेजारच्या बरणीत तेच उभं चिरून ठेवलेलं होतं. मी वाकून पाहिलं. माझा सगळा जन्म कापडात गेला, पिशवी कशी असते ते मला कळतं. एका पदराची भिंत आणि आत पोकळी. इथं तसलं काहीच नव्हतं. बोटभर जाड मांस आणि मधे नुसती एक फट. "आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात," बाई म्हणाल्या. "रिकामी जागाच नाही. रिकामी पिशवी कुठून आणली यांनी?" बाजूची दोन अंडाशयं त्यांनी दाखवली. पुष्कळदा हीही सोबत काढतात आणि तिशी-पस्तिशीत बाईला म्हातारपण लागतं, हे सांगितलं. वंदीनं काचेला नाक लावलं होतं. जावेच्या अंगातल्या वाफा कुठून येतात ते तिला तिथं समजलं असणार, कारण ती एकदम म्हणाली, "माय वं, अन् आमी तिले नाटकं करते म्हनत होतो."

तिकडे कोपऱ्यात डॉक्टरकी शिकणारी दोन-तीन पोरं आमच्याकडे बघून खिदळत होती. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हसा. तुमच्यातलाच एक उद्या हिला खराब झाली म्हणून सांगणार आहे." पोरं गुपचूप निघून गेली.

परतीच्या एसटीत वंदी तोंडातल्या तोंडात शब्द घोकत होती. शाळेत पाढे घोकायची तशी.

तरी बुधवारी तिला भरती केलंच. नवरा आणि सासू घेऊन गेले, वंदी नाही नाही म्हणत होती तरी. तिनं दवाखान्याच्या संडासातून मला फोन केला. बाई आणि मी मिळेल त्या जीपनं निघालो. बाईंनी वरच्या मजल्यावर पाय ठेवताच आवाज लावला, "कुठं आहेत ते डॉक्टर? निदान काय आहे ते मराठीत लिहून द्या!" सिस्टर आली, वॉचमन आला. त्यानं बाईंच्या दंडाला धरलं आणि जिन्यावरून खाली नेलं. सत्तरीची बाई. चप्पल एक पायरीवरच राहिली. मी ओरडले, तर तो म्हणाला, तुम्ही पेशंटच्या नात्यातल्या आहात, तुम्ही थांबा. शाळेतल्या, बाजारातल्या, स्टाफरूममधल्या त्या सगळ्या आवाजाचा तिथं काडीचा उपयोग झाला नाही.

वंदी हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती. डॉक्टर राउंडला आला, तरुणच होता, हातात मोबाइल.

"सर," वंदी म्हणाली, "माह्या गर्भाशयाले काय झालं?"

त्यानं वर पाहिलं. मग वंदीकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "शिकलेली आहे का ही?"

"नववी," नवरा म्हणाला.

"सूज आहे. पुढं कॅन्सर होऊ शकतो. काढलेलं बरं."

"कुठी सूज हाये? तोंडाशी का आत? मले फोटोत दाखवा. मी पाह्यलं हाये ते कसं असते."

"कुठं पाहिलं?"

"बरनीत."

डॉक्टर हसला. "बरणीतलं वेगळं असतं." आणि सिस्टरला म्हणाला, घ्या हिला. वंदी खाटेवरून खाली उतरली, पण ऑपरेशनच्या दाराकडे गेली नाही. खाटेखालून आपलं लुगड्याचं बोचकं ओढलं. सासू म्हणाली, "लेकरं झाली नं बाई, आता काय काम त्याचं?"

"तुमचे दात पडले, त जबडा काढून टाकला का?"

नवरा चवताळला. "मी सही केली हाये!"

"सही तुमची. पोट माहं."

इतकं मोठ्यानं म्हणाली की बाजूच्या खाटांवरच्या बायाही उठून बसल्या. मला माझ्याच बहिणीची भीती वाटली आणि आनंदानं रडू आलं. डॉक्टर म्हणाला, उद्या काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही, आणि निघून गेला.

नंतर सरकारी दवाखान्यात दाखवलं. साधं इन्फेक्शन होतं. गोळ्या दिल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नवऱ्यानंही घ्यायच्या, नाहीतर परत होईल. तर हा गडी म्हणतो, "मी कायले घेऊ? मले का पिशवी हाये?" वंदीनं ताट वाढून समोर ठेवलं आणि हातात गोळी. गोळी गिळल्याशिवाय भाकरी नाही. गिळली म्हणाला की, तोंड उघडा, जीभ वर करा. सगळ्या गोळ्या संपेपर्यंत हेच. बरी आहे ती. सासूला ती डोळ्यासमोर नको असते, पण बरी आहे.

बाई दोन वर्षांमागं गेल्या. हृदय बंद पडलं. लोक अजून त्यांच्या गमती सांगतात, काळीज आणि यकृत, भाजीवाल्यांची थैली, आणि खो खो हसतात. हसायला माझी हरकत नाही. पण मला बाई आठवतात त्या त्या बुधवारच्या, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

वंदी झगा काढून, लुगडं नेसून निघाली, मी तिच्यामागं, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझा पदर धरला. वंदीच्याच वयाची. तोच हिरवा झगा. सोबत कुणी दिसत नव्हतं.

"ताई, त्या बरनीत काय असते वं?" ती म्हणाली. "मले बी दाखवा ना."

मी बोलणार तोवर ढकलगाडी आली. सिस्टरला म्हटलं, थांबा, तिला काही विचारायचं आहे. "तुम्ही नातेवाईक आहात का?" नाही. "मग बाजूला व्हा." ती बाई आडवी झाली. सांगितलं तशी गपचूप झाली. मान उचलून माझ्याकडे बघत राहिली, आणि दार लागलं.

खाली पायऱ्यांवर बाई एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या. वंदीला तिच्या स्वतःच्या लुगड्यात बघून त्यांनी तिला जवळ ओढलं, गालावर एक हलकी चापट मारली. मला वाटलं, आता तरी ही बाई हसेल.

"वर आणखी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ती बाई, तिचा प्रश्न, ढकलगाडी. माझं संपायच्या आतच बाई वळल्या. आम्ही बाहेर पडताच वॉचमननं जाळीचा दरवाजा ओढून घेतला होता. बाईंनी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि हलवायला लागल्या. अख्खा दरवाजा खडखडत होता. चौकातली माणसं जमली, कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं.

"तिला हाक मार!" बाई माझ्यावर ओरडल्या. "खिडकी उघडी आहे वरची. नावानं हाक मार तिला! नाव काय तिचं?"

मी वर पाहिलं, वंदीकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही तिचं नाव माहीत नव्हतं.